हाती कार्ड, दवाखाना दूर

आपल्या देशाच्या सामाजिक धोरणात गेल्या पंधरा वर्षांत एक मोठे स्थित्यंतर घडून आले आहे. ते एखाद्या दिवशी गाजावाजा करून जाहीर झाले नाही. त्यामुळे त्याची जेवढी चर्चा व्हावयास हवी होती तेवढी झालेली नाही. पूर्वी शासन शाळा बांधीत असे, दवाखाना उघडीत असे, शिक्षक व डॉक्टर नेमीत असे. त्या कामात दिरंगाई होती, भ्रष्टाचारही होता. परंतु हे काम आपले आहे, हे शासनाने मान्य केले होते. आता शासन गरिबाच्या हाती एक कार्ड देते किंवा सोडतीतली एक जागा देते आणि म्हणते, ‘खाजगी संस्थेत जा, तुझे पैसे आम्ही भरू.’

शिक्षणात हे १ एप्रिल २०१० पासून झाले. त्या दिवशी लागू झालेल्या शिक्षण हक्क कायद्याने खाजगी विनाअनुदानित शाळांच्या प्रवेशवर्गातील २५ टक्के जागा वंचित व दुर्बल घटकांतील मुलांसाठी राखून ठेवल्या आणि त्यांच्या शुल्काची प्रतिपूर्ती शासनाने करावी, असे ठरविले. आरोग्यात हे २३ सप्टेंबर २०१८ पासून झाले. त्या दिवशी रांची येथे पंतप्रधान जन आरोग्य योजनेचा प्रारंभ होऊन गरीब कुटुंबाला वर्षाला पाच लाख रुपयांपर्यंतच्या रुग्णालयीन उपचारांचे कवच मिळाले. महाराष्ट्र या वाटेवर आधीच होता. २०१२ साली आठ जिल्ह्यांत सुरू झालेली राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना पुढे महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना झाली आणि २०२३ साली ती राज्यातील सर्व शिधापत्रिकाधारकांना लागू करण्याचा निर्णय झाला.

या योजनांनी अनेकांचे प्राण वाचविले आहेत. हृदयाची शस्त्रक्रिया, डायलिसिस, कर्करोगावरील उपचार ज्यांना स्वप्नातही परवडले नसते त्यांना ते मिळाले. अशा योजनांना नावे ठेवण्याचा आमचा हेतू नाही. आमचा प्रश्न वेगळा आहे. ज्या गावाच्या आसपास खाजगी शाळाही नाही आणि रुग्णालयही नाही, त्या गावाने या कार्डाचे काय करावे?

वचने आणि हिशेब

स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर, १९४६ साली, सर जोसेफ भोर यांच्या समितीने आपला अहवाल सादर केला. पैसे नाहीत म्हणून कोणीही उपचारांवाचून राहू नये आणि आरोग्यसेवा खेड्याच्या दारापर्यंत पोहोचावी, हे त्या अहवालाचे सार होते. संविधानाच्या ४७ व्या अनुच्छेदाने लोकांचे पोषण व आरोग्य सुधारणे हे राज्याचे कर्तव्य ठरविले. ४५ व्या अनुच्छेदाने चौदा वर्षांपर्यंतच्या सर्व मुलांना दहा वर्षांच्या आत मोफत व सक्तीचे शिक्षण देण्याचे उद्दिष्ट ठेवले. ती दहा वर्षे १९६० साली संपली. शिक्षण हा मूलभूत हक्क व्हायला २००२ सालची ८६ वी घटनादुरुस्ती यावी लागली आणि तो प्रत्यक्षात यायला आणखी आठ वर्षे लागली.

पैशाची गोष्ट याहून निराळी नाही. राष्ट्रीय उत्पन्नाच्या सहा टक्के रक्कम शिक्षणावर खर्च व्हावी, असे १९६६ साली कोठारी आयोगाने सुचविले. १९६८ च्या धोरणात ते आले, १९८६ च्या धोरणात आले आणि २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातही आले. ते गाठले मात्र एकदाही गेले नाही. २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणाने २०२५ पर्यंत आरोग्यावरील शासकीय खर्च राष्ट्रीय उत्पन्नाच्या अडीच टक्क्यांवर नेण्याचे वचन दिले. राष्ट्रीय आरोग्य लेख्यांनुसार २०२१-२२ साली, म्हणजे महामारीच्या काळात, तो १.८४ टक्के होता.

एक आकडा समाधान देणारा आहे, तोही सांगितला पाहिजे. देशाच्या एकूण आरोग्यखर्चापैकी लोक स्वतःच्या खिशातून जो खर्च करतात त्याचे प्रमाण २०१३-१४ साली ६४.२ टक्के होते. २०२१-२२ साली ते ३९.४ टक्क्यांवर आले. ही घट स्वागतार्ह आहे. तरीही शंभरातील जवळजवळ चाळीस रुपये आजारी माणूस किंवा त्याचे कुटुंब स्वतः मोजते. हे पैसे कधी दागिने गहाण टाकून येतात, कधी सावकाराकडून येतात, तर कधी मुलीचे शिक्षण थांबवून येतात.

कार्ड कोठे चालते?

जन आरोग्य योजनेचे कार्ड रुग्णालयात दाखल झाल्यावर चालते. ताप, खोकला, जुलाब, मधुमेहाची रोजची गोळी, रक्तदाबाची तपासणी, गरोदर स्त्रीच्या अंगातील रक्ताची कमतरता यांसाठी ते चालत नाही. या गोष्टी प्राथमिक आरोग्य केंद्राने पाहाव्यात, अशी अपेक्षा आहे. तीही योग्यच आहे, कारण बहुतेक आजार तेथेच ओळखता व आवरता येतात. २०१७ च्या धोरणानेही आरोग्याच्या निधीपैकी दोन तृतीयांश किंवा अधिक वाटा प्राथमिक सेवेला मिळावा, असे म्हटले आहे. एप्रिल २०१८ पासून उपकेंद्रांना ‘आरोग्य व निरामयता केंद्रे’ करण्याचे काम सुरू झाले. २०२३ पासून त्यांना ‘आयुष्मान आरोग्य मंदिर’ म्हणतात. नाव बदलणे सोपे असते. तेथे रोज परिचारिका असणे, औषध असणे आणि पावसाळ्यात तेथवर जाता येणे हे कठीण असते.

आपल्या पालघर जिल्ह्याचेच उदाहरण घ्या. १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाण्यातून वेगळ्या झालेल्या या जिल्ह्यात आठ तालुके आहेत. एका टोकाला वसई-विरार आहे. तेथे खाजगी रुग्णालयांच्या पाट्या एकमेकींना खेटून उभ्या आहेत. दुसऱ्या टोकाला जव्हार आणि मोखाडा आहेत. १९९२ साली जव्हारच्या वावर-वांगणीत बालके कुपोषणाने दगावली, तेव्हा साऱ्या राज्याला या भागाचे नाव कळले. त्यानंतर समित्या आल्या, मंत्री येऊन गेले आणि योजनाही झाल्या. तरीही ऑगस्ट २०२२ मध्ये मोखाड्याच्या मरकटवाडीत एक स्त्री सातव्या महिन्यात घरीच बाळंत झाली. जुळी बाळे दगावली. रक्तस्राव होत असलेल्या त्या मातेला नातलगांनी झोळीत घालून चिखलाच्या वाटेने सुमारे तीन किलोमीटर वाहून नेले, कारण वाडीपर्यंत रुग्णवाहिका येऊ शकेल असा रस्ता नव्हता.

त्या कुटुंबाच्या हाती पाच लाखांचे कार्ड असते, तरी त्या रात्री त्याचा उपयोग झाला नसता. तेथे रस्ता हवा होता, जवळ प्रसूतीची सोय हवी होती आणि त्याआधी सात महिने तिच्या आहाराकडे व तपासण्यांकडे लक्ष देणारी यंत्रणा हवी होती. डोंगराळ व आदिवासी भागात दर वीस हजार लोकसंख्येमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र आणि तीन हजारांमागे एक उपकेंद्र असावे, असा शासनाचाच निकष आहे. पण लोकसंख्या मोजणारा हा निकष पाड्यांमधील अंतर मोजत नाही.

खालची पायरी खचली की भार वरच्या पायरीवर येतो. ऑगस्ट २०२३ मध्ये कळव्याच्या महापालिका रुग्णालयात एका दिवसात १८ रुग्ण दगावले. त्याच वर्षी सप्टेंबरच्या अखेरीस नांदेडच्या शासकीय रुग्णालयात चोवीस तासांत २४ मृत्यू झाले. त्यांत १२ नवजात बालके होती. चौकशीची भाषा झाली, औषधखरेदीवर वाद झाले. मात्र इतके अत्यवस्थ रुग्ण इतक्या उशिरा, इतक्या दुरून एकाच रुग्णालयात का येतात, हा प्रश्न मागे पडला. त्याचे उत्तर नांदेड शहरात किंवा कळव्यात मिळणार नाही. जेथून ते रुग्ण निघाले त्या गावांत मिळेल.

जामखेड, गडचिरोली आणि थायलंड

यावर उपाय नाही, असे मुळीच नाही. तो महाराष्ट्रातच शोधला गेला आहे. १९७० साली डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे हे ख्रिस्ती दांपत्य जामखेडला गेले. मोठे रुग्णालय उभारून त्यांना नाव कमावता आले असते. त्याऐवजी त्यांनी खेड्यांतील, बहुधा निरक्षर आणि अनेकदा दलित समाजातील, स्त्रियांना आरोग्य सेविका म्हणून घडविले. जिच्या हातचे पाणी गाव पीत नव्हते, तिच्या हाती गावाने आपली बाळंतपणे सोपविली. १९७९ साली या दोघांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी गावातल्याच स्त्रियांना नवजात बालकाची घरी काळजी घेण्याचे शिक्षण दिले. तेथील नवजात मृत्युदर तुलनेसाठी घेतलेल्या गावांच्या मानाने ६२ टक्क्यांनी घटल्याचे १९९९ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. पुढे ही पद्धत शासनाने देशभर स्वीकारली.

२००५ च्या राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानातून आलेली ‘आशा’ सेविका हे याच विचाराचे फळ होय. देशात आज सुमारे दहा लाख आशा आहेत. मे २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने त्यांचा गौरव केला. शासनाच्या लेखी मात्र त्या अजून ‘स्वयंसेविका’ आहेत. त्यांना वेतन नाही, मोबदला आहे. २०२३ च्या अखेरीस आणि २०२४ च्या आरंभी महाराष्ट्रातील आशांना आपल्या मागण्यांसाठी संप करावा लागला. जिच्या खांद्यावर सारी प्राथमिक सेवा उभी आहे तिला कर्मचारी म्हणण्याची तयारी नसावी, यावरून आपल्या धोरणाचा कल कोठे आहे ते दिसते.

येथे कोणी थायलंडचा दाखला देईल. त्या देशाने २००१-०२ साली ‘तीस बाट’ योजना आणून अल्प शुल्कात सर्वांना उपचार देऊ केले. मग आपल्या कार्डाने तेच का होऊ नये? कारण थायलंडने कार्ड शेवटी दिले. १९७० च्या दशकापासून तेथे नव्या डॉक्टरांना ग्रामीण सेवा बंधनकारक होती. १९८० च्या दशकात शहरांतील मोठ्या रुग्णालयांच्या विस्ताराला लगाम घालून तालुक्यांच्या रुग्णालयांकडे पैसा वळविण्यात आला. योजना आली तेव्हा ती वापरण्यासाठी प्रत्येक तालुक्यात रुग्णालय आणि गावोगावी आरोग्य केंद्र उभे होते. आपण कळस आधी चढविला आहे आणि पाया भरावयाचा राहिला आहे.

शाळेची तीच कथा

शिक्षणातही हाच क्रम उलटा झाला आहे. महाराष्ट्रात २०२५-२६ च्या प्रवेशासाठी २५ टक्के कोट्यातील सुमारे १ लाख ९ हजार जागांना तीन लाखांहून अधिक अर्ज आले. ज्याचे नाव सोडतीत निघाले त्याचे भाग्य उजळले. उरलेल्यांचे काय, याचे उत्तर कायद्याच्या या कलमात नाही. ज्याला जागा मिळाली त्याचीही हमी आठवीपर्यंतची आहे. नववीत गेल्यावर त्याच शाळेचे पूर्ण शुल्क त्याच्या वडिलांपुढे उभे राहते. इकडे प्रतिपूर्तीची रक्कम थकल्याची खाजगी शाळांची तक्रार दरवर्षीचीच आहे.

फेब्रुवारी २०२४ मध्ये राज्य शासनाने नियम बदलून, एक किलोमीटरच्या आत शासकीय किंवा अनुदानित शाळा असल्यास खाजगी विनाअनुदानित शाळेला या कोट्यातून सूट दिली. जुलै २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तो बदल रद्द ठरविला. न्यायालयाचा निर्णय योग्यच होता. परंतु त्या वेळी पालकांनी जो आक्रोश केला त्यातून एक कटू सत्य बाहेर आले: शेजारची शासकीय शाळा फुकट असूनही कोणालाच ती शिक्षा वाटावी इतकी नकोशी झाली आहे.

ती तशी का झाली? २०२२ च्या ‘असर’ पाहणीनुसार ग्रामीण भारतातील शासकीय शाळांत तिसरीत शिकणाऱ्या शंभर मुलांपैकी केवळ सोळा-सतरा मुलांना दुसरीचा उतारा वाचता येत होता. २०२४ मध्ये हे प्रमाण २३.४ टक्क्यांवर आले. प्रयत्न केल्यास चित्र पालटते, याचा हा पुरावा आहे. पण चारांतील तीन मुले अजूनही मागेच आहेत. दुसरीकडे, वीसपेक्षा कमी पट असलेल्या चौदा हजारांहून अधिक शाळा राज्यात आहेत आणि त्यांच्या जागी ‘समूह शाळा’ करण्याचा विचार २०२३ मध्ये पुढे आला. शिक्षकसंख्या व सोयी पाहता त्यात तथ्य नाही, असे नव्हे. तथापि सहा वर्षांच्या मुलीला ओढा ओलांडून दुसऱ्या पाड्यावर पाठविण्यापेक्षा आईबाप तिला घरी धाकट्या भावाला सांभाळायला ठेवतील. आपल्या कायद्याने प्राथमिक शाळा एक किलोमीटरच्या आत असावी असे म्हटले, ते उगाच नव्हे.

महाराष्ट्राला हे नव्याने शिकविण्याची गरज नाही. १८८२ साली महात्मा फुले यांनी हंटर आयोगापुढे निवेदन दिले. सरकारचा महसूल शेतकऱ्यांच्या श्रमातून येतो आणि शिक्षणावरचा खर्च मात्र वरच्या वर्गांच्या उच्च शिक्षणावर होतो, असे त्यांनी निक्षून सांगितले आणि किमान बारा वर्षांपर्यंतचे प्राथमिक शिक्षण सक्तीचे करण्याची मागणी केली. १९१७ साली छत्रपती शाहू महाराजांनी कोल्हापूर संस्थानात प्राथमिक शिक्षण मोफत व सक्तीचे केले आणि मुलाला शाळेत न पाठविणाऱ्या पालकाला महिना एक रुपया दंड ठेवला. या दोघांनीही आरंभ खालून केला.

आपल्या संस्थांपुढील प्रश्न

या चर्चेत ख्रिस्ती समाजाला बाजूला उभे राहून पाहता येणार नाही. ६ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ‘प्रमती’ खटल्यात अल्पसंख्याकांच्या शाळांना शिक्षण हक्क कायदा लागू होत नाही, असा निर्णय दिला. त्यामुळे आपल्या शाळांवर २५ टक्क्यांचे बंधन राहिले नाही. १ सप्टेंबर २०२५ रोजी त्याच न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींनी, महाराष्ट्रातूनच गेलेल्या एका प्रकरणात, या निर्णयाच्या अचूकतेविषयी शंका व्यक्त करून हा प्रश्न मोठ्या पीठापुढे जावा असे म्हटले. त्याआधी २०२१ साली राष्ट्रीय बाल हक्क आयोगाने अल्पसंख्याक शाळांमध्ये सामाजिक व आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकांतील विद्यार्थ्यांचे प्रमाण ८.७६ टक्केच असल्याचा अहवाल दिला होता.

संविधानाच्या ३० व्या अनुच्छेदाने अल्पसंख्याकांना आपल्या संस्था चालविण्याचा जो हक्क दिला आहे, त्याचे रक्षण झालेच पाहिजे. तो हक्क कोणाची मेहेरबानी नाही. परंतु न्यायालयात हक्काचा युक्तिवाद करताना आपल्या हाती सर्वांत बळकट पुरावा कोणता असेल? आपल्या वर्गात बसलेली गरिबांची मुले हाच तो पुरावा होय. कायद्यातून सूट मिळाली म्हणजे कर्तव्यातून सूट मिळाली, असे होत नाही. पोप २३ वे योहान यांनी १९६३ सालच्या ‘पाचेम इन तेर्रिस’ या विश्वपत्रात वैद्यकीय सेवा व शिक्षण यांची गणना माणसाच्या हक्कांमध्ये केली. प्रत्येक ख्रिस्ती शाळेने आपल्या एकूण विद्यार्थ्यांपैकी किती मुले आदिवासी, दलित, भूमिहीन व रोजंदारीच्या घरांतील आहेत, किती जणांना शुल्कात सवलत आहे, हे दरवर्षी आपणहून जाहीर करावे. त्यासाठी न्यायालयाच्या निकालाची वाट पाहण्याचे कारण नाही. आदिवासी पाड्यांवर धर्मभगिनी जी वसतिगृहे व दवाखाने चालवितात, त्यांचे मोलही अशा हिशेबातून लोकांपुढे येईल.

दुसरा प्रश्न प्रापंचिकांचा आहे आणि तो अधिक खोल आहे. ज्यांच्याकडे थोडा पैसा आला त्यांनी जिल्हा परिषदेच्या शाळेतून मुले काढली आणि सरकारी दवाखान्याची पायरी चढणे सोडले. प्रत्येक कुटुंबाच्या दृष्टीने तो निर्णय समजण्यासारखा आहे. पण त्याचा एकत्रित परिणाम असा झाला की, ज्यांचा आवाज तहसीलदार ऐकतो, ज्यांना अर्ज लिहिता येतो, ज्यांची वर्तमानपत्रात ओळख आहे, ते सारे या शाळा-दवाखान्यांतून बाहेर पडले. आत राहिले ते बोलू न शकणारे. शिक्षक नाही, औषध नाही, याबद्दल तक्रार करणाराच उरला नाही आणि तक्रार नाही म्हणून सुधारणाही झाली नाही.

हे चक्र उलटे फिरविता येते. त्यासाठी कायद्याने साधने दिली आहेत. प्रत्येक शासकीय शाळेत शाळा व्यवस्थापन समिती असते आणि तिचे पाऊणशे टक्के सदस्य पालक असावे लागतात. आरोग्य केंद्राशी रुग्ण कल्याण समिती जोडलेली असते. गावाच्या पातळीवर आरोग्य, पोषण व स्वच्छतेची समिती असते. अनेक ठिकाणी या समित्या सह्यांपुरत्या उरल्या आहेत. धर्मग्रामातील निवृत्त शिक्षक, परिचारिका, बँकेतील अधिकारी यांनी ग्रामसभेत उभे राहून तीन साधे प्रश्न विचारावेत: आपल्या आरोग्य केंद्रात मंजूर पदे किती आणि भरलेली किती? गेल्या तीन महिन्यांत कोणती औषधे संपली होती? तिसरीतील किती मुलांना वाचता येते? उत्तरे लेखी मागावीत आणि पुढच्या ग्रामसभेत पुन्हा तेच प्रश्न विचारावेत. आपली मुले तेथे शिकत नसली, आपण तेथे उपचार घेत नसलो, तरीही विचारावेत. किंबहुना म्हणूनच विचारावेत.

कार्ड असावे, सोडतीतील जागाही असावी. बुडणाऱ्याला फळी दिलीच पाहिजे. परंतु फळ्या वाटण्यालाच धोरण म्हणू लागलो, तर पूल बांधण्याची आठवण कोणाला राहणार नाही. पुढच्या निवडणुकीत उमेदवार दारी येतील आणि कार्डाची रक्कम पाच लाखांवरून किती वाढविणार ते सांगतील. त्यांना आपण एवढेच विचारावे, की मरकटवाडीचा रस्ता कधी होणार आणि तेथून सर्वांत जवळच्या आरोग्य केंद्रात रात्री कोण हजर असेल.